विडरशिन्स : सूर्याच्या उलट चालणारे क्रियाविशेषण

घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेला इंग्रजीत ‘अँटिक्लॉकवाइज’ म्हणतात, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. याच दिशेसाठी त्या भाषेत आणखी एक क्रियाविशेषण आहे. ते तीनशेहून अधिक वर्षांनी जुने आहे आणि आता क्वचितच कानावर पडते. ते म्हणजे ‘विडरशिन्स’. मूळचा हा शब्द स्कॉटलंडचा. काही जण तो ‘विदरशिन्स’ असाही लिहितात. त्याच्या पोटात दिशेबरोबर सूर्य, देऊळ, भूतखेत आणि फाशीचा दोरही दडलेला आहे, म्हणून त्याची कुळकथा सविस्तर सांगण्याजोगी आहे.

जन्म आणि अर्थ

शब्दाचे मूळ मध्ययुगीन जर्मन बोलींत आहे. ‘विडर’ म्हणजे विरुद्ध आणि ‘सिन’ म्हणजे वाट, दिशा. शेवटचा ‘स’ हा षष्ठीचा प्रत्यय. ‘ऑल्वेज’सारख्या इंग्रजी क्रियाविशेषणांच्या टोकाला जो ‘स’ दिसतो, तोही याच घराण्यातला.

पहिला अर्थ अगदी साधा होता : उलट बाजूने, भलतीकडे. गॅविन डग्लस या स्कॉट कवीने व्हर्जिलच्या ‘ईनिड’चे स्कॉट भाषेतले भाषांतर १५१३ साली पुरे केले. त्यात हा शब्द भीतीने उभ्या राहिलेल्या केसांसाठी आला आहे. केसांनी आपली नेहमीची दिशा सोडली, एवढेच तिथे म्हणायचे आहे. त्यात फेरा नाही आणि सूर्यही नाही.

सूर्य आला तो लोकांच्या कानातून. स्कॉट बोलीत सूर्यालाही ‘सिन’ म्हणत. जर्मन ‘सिन’चा अर्थ विसरला गेला आणि ‘सूर्याच्या विरुद्ध’ हा अर्थ शब्दाला चिकटला, तो कायमचा. पुढे उलट्या फेऱ्याला, अशुभ चालीला आणि एकूणच विपरीत घडण्याला हाच शब्द लागू लागला.

उजवी बाजू आणि दक्षिण दिशा

स्कॉटलंडमध्ये दक्षिणेकडे तोंड करून उभे राहिले, तर सूर्य डावीकडे उगवतो, समोरून जातो आणि उजवीकडे मावळतो. ही सुलट दिशा. तिला तिथल्या गेलिक भाषेत ‘जेशल’ म्हणतात. या शब्दातला ‘जेस’ म्हणजे उजवा आणि ‘जेस’ म्हणजेच दक्षिण. पूर्वेकडे तोंड केले की दक्षिण उजव्या हाताला येते, म्हणून दोन्हींना एकच नाव. आपल्या ‘दक्षिण’ शब्दाचेही हेच दोन अर्थ आहेत, आणि हा योगायोग नाही. गेलिक आणि संस्कृत हे दोन्ही शब्द एकाच प्राचीन इंडो-युरोपीय मुळाचे आहेत. देवाला उजव्या हाताला ठेवून आपण घालतो ती प्रदक्षिणा आणि हा जेशल नात्याने भावंडे लागतात.

मार्टिन मार्टिन हा स्काय बेटावरचा गृहस्थ. त्याने स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील बेटांचे वर्णन १७०३ साली प्रसिद्ध केले. बाळंतीण आणि बाप्तिस्मा न झालेले तान्हे मूल यांच्याभोवती सकाळ-संध्याकाळ विस्तव फिरवत, समुद्रात निघताना होडी आधी सूर्याच्या दिशेने वळवून घेत, असे त्याने नोंदवले आहे. आयला बेटावर एका गरीब बाईला त्याने भीक घातली. ती त्याच्याभोवती सुलट फिरू लागली. त्याने ‘नको’ म्हटले, तरी तिने तीन फेरे पुरे केलेच आणि मग त्याच्यासाठी देवाची करुणा भाकली. तिच्यापाशी द्यायला आशीर्वाद तेवढा होता आणि तो योग्य दिशेनेच द्यायला हवा होता.

सुलट फेऱ्यात इतके पुण्य, म्हणून उलट्या फेऱ्यात तितकेच पाप. विडरशिन्सची भीती इथून आली.

कोर्टात आणि परीकथेत

ही भीती किती जिवावर बेतली, ते १५९०–९१च्या नॉर्थ बर्विकच्या चेटूक खटल्यांत दिसते. राजा सहावा जेम्स डेन्मार्कहून नववधू ॲनला घेऊन येत असताना समुद्रात वादळे झाली आणि त्यांचा ठपका चेटकिणींवर आला. छळ करून कबुलीजबाब घेतले गेले. बार्बरा नेपियरवरच्या आरोपांत चर्चच्या आवारातल्या रात्रीच्या मेळाव्याचे वर्णन आहे : तिथे पुरुषांना नऊ वेळा आणि बायकांना सहा वेळा विडरशिन्स फिरवले गेले, असे त्यात म्हटले आहे. ॲग्नेस सॅम्पसन या वैदू बाईला याच खटल्यांत मृत्युदंड झाला. कुठल्या बाजूने फिरलात, हा प्रश्न न्यायासनापुढे पुरावा म्हणून उभा राहावा, याहून एखाद्या क्रियाविशेषणाचे वजन ते काय असणार!

परीकथेत तोच फेरा वेगळे रूप घेतो. जोसेफ जेकब्सच्या १८९०च्या इंग्रजी परीकथासंग्रहात ‘चाइल्ड रोलंड’ ही गोष्ट आहे. चेंडू आणायला गेलेली बर्ड एलन चर्चला विडरशिन्स वळसा घालते आणि एल्फलंडच्या राजाच्या तावडीत सापडते. तिच्या शोधात निघालेला धाकटा भाऊ रोलंड एका हिरव्या टेकडीला तीन फेरे घालतो, तेही विडरशिन्सच, आणि दार उघडते. ज्या दिशेने बहीण हरवली, त्याच दिशेने तिच्यापर्यंतची वाट सापडते.

उलट कोणाच्या?

घड्याळाचे काटे उजवीकडे फिरतात, कारण उत्तर गोलार्धातल्या जमिनीवर आडव्या मांडलेल्या छायायंत्रावर सावली तशीच फिरते. दक्षिण गोलार्धात हे गणित उलटते. सिडनीत दुपारचा सूर्य उत्तरेकडे असतो आणि छायायंत्रावरचे आकडे डावीकडे मांडावे लागतात. तिथे ‘काट्यांच्या उलट’ आणि ‘सूर्याच्या उलट’ हे विडरशिन्सचे दोन अर्थ एकमेकांविरुद्ध उभे राहतात. मुंबईतही मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत माध्यान्हीचा सूर्य उत्तरेकडे झुकलेला असतो. या काळाच्या दोन्ही टोकांना शून्य सावलीचा दिवस येतो.

पावित्र्याची दिशाही सगळीकडे एक नाही. काबागृहाभोवतीचा तवाफ काबा डाव्या हाताला ठेवून, म्हणजे काट्यांच्या उलट होतो. कैलासाची परिक्रमा हिंदू आणि बौद्ध सुलट करतात, तर तिबेटातले बोन धर्माचे लोक उलट. आपल्याकडे शिवमंदिरात पाहा : गाभाऱ्यातून पाणी बाहेर येते त्या गोमुखापर्यंत आपण सुलट जातो, ते ओलांडत नाही, मागे फिरतो आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा गोमुखापर्यंत येतो. सोमसूत्री प्रदक्षिणेचा हा परतीचा भाग विडरशिन्सच आहे आणि त्यात अशुभ काही नाही. पितृकार्यात जानवे उजव्या खांद्यावर घेऊन करायचे ते अपसव्य. त्यावरून मराठीला ‘सव्यापसव्य’ मिळाले, पण त्यात भीती उरली नाही, नुसता खटाटोप उरला.

आजचा वापर

इंग्रजीत हा शब्द क्रियापदानंतर येतो : चालणे, नाचणे, ढवळणे, वळणे, आणि पुढे विडरशिन्स. आधुनिक विक्का पंथात मांडलेले वर्तुळ मोडायला किंवा नको ते घालवायला उलटे फेरे घेतात. टेरी प्रॅचेटच्या डिस्कवर्ल्ड कादंबऱ्यांत तबकडीसारख्या जगाला पूर्व-पश्चिम नाही. तिथे विडरशिन्स ही चक्क एक मुख्य दिशा आहे. पंख्याच्या किंवा स्क्रूच्या माहितीपत्रकात मात्र हा शब्द चालणार नाही. तिथे अँटिक्लॉकवाइजच हवा, कारण यंत्राला शुभाशुभ नसते. माणसाला असते. कोणी बुद्ध्या रूढ वाटेच्या उलट पाऊल टाकत असेल आणि त्या पावलाची जोखीमही सांगायची असेल, तेव्हा इंग्रजीत विडरशिन्सइतका नेमका शब्द दुसरा नाही.