पिवळा दिवा लागला, तर मशीनवर रागावू नका

बचत गटाच्या कर्जातून कुणी शिलाई मशीन घेते, कुणी पिठाची गिरणी. आम्ही पाच जणींनी वेल्डिंग मशीन घेतले. खिडक्यांचे ग्रील, गोठ्याचे फाटक अशी कामे आम्ही करतो. आज या मशीनची निगा कशी राखायची, ते सांगणार आहोत.

गेल्या उन्हाळ्यात एका फाटकाचे काम हातात होते. भर दुपार, डोक्यावर पत्रा. पिवळा दिवा लागला आणि मशीन थांबले. थोड्या वेळाने सुरू झाले, पुन्हा थांबले. काम दुसऱ्या दिवशी द्यायचे होते. दुरुस्तीवाला म्हणाला, "आतला सेन्सर काढून वायर सरळ जोडून देतो, मग दिवा लागणारच नाही." आम्ही हो म्हणणारच होतो. तेवढ्यात आमच्यातली एक म्हणाली, "शिट्टीचा त्रास होतो म्हणून कुणी कुकरची शिट्टी बंद करतं का?"

तिचे खरे होते. आतले भाग फार तापले, की सेन्सर वेल्डिंगचा करंट तोडतो आणि दिवा लावतो. सेन्सर काढला असता, तर मशीन जळाले असते आणि हप्ते तेवढे राहिले असते.

मग मशीन तापत का होते? दोन कारणे सापडली. पहिले म्हणजे आम्ही त्याला विश्रांतीच देत नव्हतो. मशीनच्या पाटीवर करंटच्या आकड्याजवळ 60 टक्के असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ, तेवढ्या करंटवर दहा मिनिटांत सहा मिनिटे वेल्डिंग आणि चार मिनिटे विश्रांती. हा हिशेब बहुधा 40 अंश तापमानाचा असतो. पत्र्याखाली त्याहून जास्त तापले, तर विश्रांतीही जास्त हवी. दुसरे कारण, मागच्या जाळीत धूळ आणि ग्राइंडरचा लोखंडी चुरा अडकला होता. पंख्याला हवाच मिळत नव्हती. हा चुरा आत गेला तर शॉर्ट सर्किटही होते. म्हणून आता ग्राइंडर मशीनपासून लांब चालवतो.

दिवा लागला, की मेन स्विच बंद करू नका. पंखा चालू राहू द्या, मशीन लवकर थंड होईल. दिवा विझला की काम सुरू करा.

आठवड्यातून एकदा प्लग काढून जाळीवरची धूळ ब्रशने झाडा. ब्लोअर मारायचा तर कोरड्या हवेचा, लांबून आणि हलका. ओले फडके नको. झाकण मात्र आपण उघडायचे नाही. मशीन बंद केल्यावरही आत काही वेळ वीज साठून राहते. ते काम जाणकाराचे.

रोज काम सुरू करण्याआधी केबल, होल्डर आणि चिमटा पाहा. केबलचे रबर फाटलेले नको, जोड सैल नको. सैल जोड तापतो आणि जळतो. चिमटा लावायची जागा घासून घ्या. गंज आणि रंग यांमुळे करंट नीट जात नाही. लांब, बारीक वायरीवरून वीज घेऊ नका. दाब कमी पडतो आणि रॉड सारखा चिकटतो.

आता सर्वांत महत्त्वाचे. कामाला लावतो त्या चिमट्याला आपण 'अर्थ' म्हणतो, पण तो मशीनचा अर्थिंग नव्हे. त्यातून वेल्डिंगचा करंट परत जातो. खरा अर्थिंग प्लगच्या तिसऱ्या, जाड पिनेतून जमिनीत जातो. सॉकेटमध्ये बसत नाही म्हणून ती पिन कुणी कापते, कुणी दोन वायरी तशाच खुपसते. मग मशीनच्या पत्र्यात वीज उतरली, तर हात लावणारीला झटका बसतो.

मशीन स्वतःला सांभाळते, आपल्याला पूर्णपणे नाही. रॉडकडून झटका बसला, तर घरातला ईएलसीबी पडेलच असे नाही, कारण तो फक्त मेन लाईनवर लक्ष ठेवतो. म्हणून कोरडे चामडी हातमोजे, बंद बूट आणि पायाखाली कोरडी फळी हवीच. पावसात, ओल्या जमिनीवर काम नकोच.

त्या दिवशी आम्ही जाळी साफ केली, ऊन उतरल्यावर काम केले. फाटक वेळेत गेले, मशीनही शाबूत राहिले. पिवळा दिवा लागला, की आता आम्हीही चहा घेतो.