मिरजेची तंतुवाद्ये
मिरजेची तंतुवाद्ये : सांगली जिल्ह्यातील मिरज शहरात परंपरेने चालत आलेला तंबोरे व सतारी घडविण्याचा हस्तव्यवसाय. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, पटवर्धन संस्थानिकांच्या काळात, हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार समाजातील फरीदसाहेब यांनी तो सुरू केला. शस्त्रांची मागणी ओसरल्याने हे कारागीर वाद्यांकडे वळले. जपानमधील साबाए परिसरात शेतकऱ्यांनी हिवाळ्यातील जोडधंदा म्हणून चष्म्यांच्या चौकटी बनविण्यास आरंभ केला, तो १९०५ मध्ये. तेथेही निकड हीच मूळ प्रेरणा होती.

वाद्याच्या तुंब्यासाठी मोठा कडू भोपळा लागतो. तो प्रामुख्याने पंढरपूर-मंगळवेढे भागातून येतो. वाळवून कापलेल्या भोपळ्यावर लाकडी तबली बसवून त्यास दांडी जोडतात. खरे कसब मात्र जवारी काढण्यात आहे. घोडीचा माथा कानशीने घासून त्यास इतका सूक्ष्म उतार देतात, की कंप पावणारी तार त्यास ओझरती स्पर्शत राहते. तारेखालचा दोरा योग्य जागी सरकविला, की नाद भरीव होतो. हे मापाने नव्हे, कानानेच साधते. अब्दुल करीमखाँ (१८७२–१९३७) मिरजेस स्थायिक झाल्याने कारागिरांच्या कानास थोर गायकाची कसोटी घरीच लाभली. इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याने पुढे मागणीस ओहोटी लावली. मिरजेची सतार व तंबोरा यांस २०२४ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. त्यामुळे नावास संरक्षण लाभले. जवारी अद्यापि वडिलांशेजारी बसूनच शिकावी लागते.