घाटाखालचे मत: क्वेबेकच्या आरशात कर्जत-खालापूरचे राजकारण

प्रांतिक पक्षांच्या अभ्यासात एक गोष्ट फार वेळा नजरेआड होते, ती ही की पक्षाला किती मते मिळाली याच्या इतकेच, किंबहुना काही वेळा त्याहून अधिक, ती मते नेमकी कोठे पडली याला महत्त्व असते. रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत व खालापूर या दोन तालुक्यांचे निवडणूक-राजकारण या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. कारण ज्या जिल्ह्याने शेतकरी कामगार पक्षाला, म्हणजे लोकभाषेतील शेकापला, अर्धशतकाहून अधिक काळ पोसले, त्याच जिल्ह्याचे हे तालुके त्या पक्षाच्या सत्तेच्या उंबरठ्यावर राहिले, आत मात्र क्वचितच गेले. अशा एकाच प्रदेशात एकवटलेल्या पक्षाचे काय होते, हे समजून घेण्यासाठी कॅनडातील क्वेबेक या फ्रेंच भाषकांच्या प्रांताचा अनुभव उपयोगी पडतो.

क्वेबेकमध्ये प्रांतिक निवडणुका भारताप्रमाणेच एकसदस्यीय मतदारसंघांतून होतात आणि प्रत्येक ठिकाणी सर्वाधिक मते मिळवणारा उमेदवार विजयी ठरतो. निम्म्याहून अधिक मतांची अट नसते. या पद्धतीचे परिणाम तेथे वारंवार विचित्र झाले. १९६६ साली युनियन नॅशनल या पक्षाला लिबरल पक्षापेक्षा सुमारे साडेसहा टक्के मते कमी मिळाली, तरी ग्रामीण भागातील छोटे मतदारसंघ हाती आल्याने सरकार त्याचेच बनले. स्वतंत्र क्वेबेकची मागणी करणारा पार्ती क्वेबेक्वा हा पक्ष १९६८ साली रने लेव्हेक यांच्या नेतृत्वाखाली उभा राहिला. १९७० च्या पहिल्या निवडणुकीत त्याला सुमारे २३ टक्के मते व केवळ सात जागा मिळाल्या, आणि अवघ्या सहा वर्षांनी, १५ नोव्हेंबर १९७६ रोजी, ११० पैकी ७१ जागा जिंकून तो सत्तेवर आला. याच पक्षाला २०२२ मध्ये १४.६ टक्के मतांवर तीन जागा मिळाल्या, तर त्याहून किंचित कमी मते घेणाऱ्या लिबरल पक्षाने एकवीस जागा जिंकल्या, कारण लिबरलांची मते माँट्रियल व त्याच्या परिसरात एकवटलेली होती आणि पार्ती क्वेबेक्वाची प्रांतभर विखुरलेली. त्याच निवडणुकीत कोआलिशन आव्हनीर क्वेबेक या पक्षाने ४१ टक्के मतांवर १२५ पैकी ९० जागा मिळवल्या.

शेकापचा इतिहास हा अशाच एकवटलेल्या मतांचा इतिहास आहे. १९४७-४८ च्या काळात शंकरराव मोरे, केशवराव जेधे प्रभृतींनी काँग्रेसमधून बाहेर पडून हा पक्ष स्थापन केला आणि १९५० च्या दाभाडी प्रबंधात मार्क्सवाद-लेनिनवादाचा स्वीकार केला. परंतु कुलाबा जिल्ह्यात (रायगडचे जुने नाव) त्याची मुळे या स्थापनेच्याही आधीची, खोतीविरुद्धच्या लढ्यातली आहेत. खोत म्हणजे गावाचा सारा वसूल करणारा वंशपरंपरागत मध्यस्थ आणि कूळ म्हणजे त्याच्या ताब्यातील जमीन कसणारा शेतकरी. पिकाचा मोठा वाटा खोताच्या घरी जाण्याच्या या व्यवस्थेविरुद्ध अलिबागजवळच्या चरी गावी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली २७ ऑक्टोबर १९३३ रोजी संप पुकारला गेला. जमीन पडीक ठेवण्याचा हा निर्धार शेतकऱ्यांनी १९३९ पर्यंत टिकवला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला आणि १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. त्याच वर्षी पाटील यांनी ‘कृषीवल’ हे पत्र सुरू केले. पुढे शेकापला जे मिळाले ते या लढ्याचे आयते संघटन होते: गावागावांतील ओळखी, एक वृत्तपत्र, आणि सहा वर्षे उपास काढलेल्या लोकांचा परस्परांवरचा विश्वास.

हे संघटन खारेपाटातच, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यातच, का रुजले, याचे एक उत्तर भूगोलात शोधता येते. अलिबाग, पेण, उरण व पनवेलच्या खाडीकाठी समुद्राचे पाणी अडवणारे बांध नसतील तर भातशेती होत नाही. बांध फुटला की एकाचे नव्हे, साऱ्या गावाचे शेत खारे होते, म्हणून त्याची डागडुजी सामाईक श्रमांनीच करावी लागते. जेथे शेतीच एकत्र येण्यावर उभी आहे, तेथे संपही एकत्र येऊन करणे तुलनेने सोपे जाते, असे म्हटले तर ते फार धाडसाचे ठरू नये.

कर्जत-खालापूरचा डोंगरपट्टा वेगळा आहे. पळसदरीला कर्जतहून आलेली रेल्वे दुभंगते: एक फाटा खोपोलीकडे जातो, दुसरा बोरघाट चढून लोणावळ्याकडे. रेल्वेला पाणी पुरवण्यासाठी बांधलेला तलाव आणि पाठीशी सोनगिरीचा किल्ला असलेल्या या गावाच्या आजूबाजूला ठाकूर व कातकरी वाड्या विखुरलेल्या आहेत. येथे खाडीचा बांध नाही; उलट पाणी वरून येते, आणि तेही टाटांच्या वीजगृहांतून. भिवपुरीच्या वीजगृहातून सुटलेल्या पाण्यावर राजनाला कालवा वाहतो आणि कर्जत तालुक्याच्या एका भागात उन्हाळी भात पिकवतो. खोपोलीच्या वीजगृहाचे पाणी पाताळगंगेला मिळते आणि पुढे कारखान्यांना. शेतकऱ्याचा प्रश्न येथे खोताइतकाच सावकाराचा होता. माथेरानचे भाई विठ्ठल कोतवाल यांनी सावकारी पाशातून आदिवासी व शेतकऱ्यांना सोडवण्यासाठी धान्यकोठ्या काढल्या, म्हणजे टंचाईच्या दिवसांत धान्य उसने देणारी गावोगावची सामाईक कोठारे. १९४२ च्या आंदोलनात त्यांच्या आझाद दस्ता या गटाने विजेचे मनोरे पाडून मुंबईकडे जाणारा वीजपुरवठा खंडित केला आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर त्यांना हिराजी पाटील यांच्यासह वीरमरण आले. परंतु या परंपरेचा वारसा सांगणारा एकच पक्ष या भागात उभा राहिला नाही. चरीच्या संपामागून पक्ष आला. सिद्धगडामागून हुतात्मा स्मारक आणि दरवर्षीचे अभिवादन आले.

दरम्यान खारेपाटात शेकापचा प्रश्नच बदलत गेला. १९४८ चा कूळकायदा, १९४९ चा खोती निर्मूलन कायदा आणि कसणाऱ्याला मालक ठरवणारा १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन यांनी पक्षाचे मूळ गाऱ्हाणे बहुतांशी सोडवले. यशस्वी पक्षापुढे येणारी ही अडचण साधी नाही, कारण ज्या कुळाला सातबारावर नाव मिळाले, त्याला संघटनेची गरज पूर्वीइतकी उरत नाही. शेकापला त्यातून बाहेर काढले ते सिडकोने. १९७० साली स्थापन झालेल्या या महामंडळाने नवी मुंबईसाठी पनवेल, उरण व ठाणे परिसरातील गावांची जमीन संपादित केली, आणि दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली ज्यांची जमीन गेली त्यांचा लढा उभा राहिला. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात झालेल्या पोलीस गोळीबारात पाच आंदोलक हुतात्मे झाले. त्या वर्षाअखेरच्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसने महाराष्ट्रातील ४८ पैकी ४३ जागा जिंकल्या, पण कुलाब्याची जागा दि. बां.नी शेकापसाठी जिंकली. देशव्यापी लाटेत एका जिल्ह्याने असे वेगळे उभे राहणे केवळ मतांच्या टक्केवारीतून समजत नाही; त्यासाठी त्या जिल्ह्यातील एक जिवंत प्रश्न एकाच पक्षाच्या हाती असावा लागतो. पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकाला परत देण्याचे धोरण आले, ते याच लढ्याचे फळ.

कर्जत-खालापूरमध्ये जमीन गेली ती प्रामुख्याने संपादनाने नव्हे, तर विक्रीने. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि लोकल गाड्या यांच्या टप्प्यात असलेल्या या तालुक्यांत शेतघरे, बंगल्यांच्या वसाहती व विश्रामस्थळे वाढली. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकण्यावर कूळकायद्याचे निर्बंध आहेत, आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जाण्यावर महसूल कायद्याचे. तरीही व्यवहार होत राहिले, कारण विकणारा आणि घेणारा दोघेही सुटे सुटे होते. संपादनात साऱ्या गावाला एकाच दिवशी नोटीस येते आणि म्हणून मोर्चा निघतो. विक्रीत प्रत्येकजण आपापला भाव ठरवतो, आणि आपल्या भावाविरुद्ध कोणी मोर्चा काढत नाही. शेकापला या पट्ट्यात प्रश्न सापडला नाही, त्याचे कारण बहुधा इथेच आहे.

म्हणून येथे पक्षापेक्षा उमेदवार मोठा ठरत गेला. २००८ च्या पुनर्रचनेपूर्वी हा विधानसभा मतदारसंघ खालापूर या नावाचा होता आणि देवेंद्र साटम यांच्या रूपाने शिवसेनेने तेथे आपले स्थान निर्माण केले. पुनर्रचनेनंतर त्याचे नाव कर्जत झाले आणि २००९ व २०१४ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसचे सुरेश लाड निवडून आले. यांपैकी २०१४ ची लढत सर्वांत बोलकी आहे. सर्व मोठे पक्ष स्वतंत्र लढत असताना शेकापचे उमेदवार महेंद्र थोरवे लाडांकडून दोन हजारांहून कमी मतांनी पराभूत झाले आणि शिवसेनेचा उमेदवार तिसरा आला. खटारा या चिन्हावर शेकाप या तालुक्यांत विजयाच्या इतका जवळ पोहोचला होता, आणि तेथून पुढे पक्षाची बांधणी होणे स्वाभाविक मानले गेले असते. प्रत्यक्षात २०१९ मध्ये तेच थोरवे शिवसेनेचे उमेदवार होते, आणि त्यांनी त्याच लाडांचा सुमारे अठरा हजार मतांनी पराभव केला. पाच वर्षांपूर्वीच्या शेकापच्या मतांपैकी किती पक्षाची होती आणि किती उमेदवाराची, याचा हिशेब त्या निकालानेच मांडला. शिवसेनेच्या जून २०२२ मधील फुटीत थोरवे एकनाथ शिंदे यांच्यासोबत गेले. लाड पुढे भाजपमध्ये गेले. पक्षांतरबंदीचा कायदा निवडून आलेल्या सदस्याला लागू होतो, पराभूत उमेदवाराला नाही, हेही येथे ध्यानात ठेवायला हवे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये थोरवे पुन्हा विजयी झाले, पण सुमारे ९५ हजार मतांनिशी. ही झालेल्या मतदानाच्या चाळीस टक्क्यांच्या आसपासची मते होती. दुसऱ्या क्रमांकावर अजित पवार यांच्या राष्ट्रवादीतून बंडखोरी केलेले अपक्ष सुधाकर घारे होते व ते सहा हजारांहून कमी मतांनी मागे राहिले. शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाचे नितीन सावंत तिसरे आले. सत्ताधारी महायुतीतीलच दोन गट एकमेकांविरुद्ध लढले आणि विरोधी आघाडी बाजूला पडली, हा या निकालाचा खरा अर्थ आहे. चाळीस टक्क्यांत मिळणारा विजय क्वेबेकलाही अपरिचित नाही. तेथे मात्र पहिल्या दोन क्रमांकांवर पक्ष असतात; येथे दुसऱ्या क्रमांकावर पक्षाचे चिन्हही नसलेला एक माणूस आणि त्याची स्वतःची यंत्रणा होती.

या फरकामागे पैशाचेही कारण आहे. क्वेबेकमध्ये लेव्हेक यांच्या सरकारने १९७७ मध्ये केलेल्या कायद्याने राजकीय देणगी देण्याचा अधिकार केवळ मतदार असलेल्या व्यक्तीपुरता ठेवला, कंपन्या व कामगार संघटना यांना तो नाकारला. २०१३ पासून ही मर्यादा वर्षाला अवघ्या शंभर डॉलरवर आणली गेली आणि पक्षांचा मोठा खर्च मतांच्या प्रमाणात सरकारी तिजोरीतून होऊ लागला. परिणामी पक्ष सोडणाऱ्याला खर्चाची सोय मागेच ठेवून जावे लागते. महाराष्ट्राच्या ग्रामीण मतदारसंघात खर्च उमेदवार उभा करतो, कार्यकर्ते त्याच्याशी बांधलेले असतात, आणि तो निघाला की शाखा त्याच्यामागून निघते. पक्षनिष्ठा कमी झाल्याची खंत करणाऱ्या लेखनात हा व्यवहार क्वचितच दिसतो.

तुलना एका जागी तुटते, हे मान्य करायला हवे. पार्ती क्वेबेक्वाचा प्रश्न राष्ट्राचा होता आणि तो दोनदा थेट मतदारांपुढे ठेवला गेला: १९८० च्या सार्वमतात सुमारे चाळीस टक्के आणि ३० ऑक्टोबर १९९५ च्या सार्वमतात ४९.४२ टक्के लोकांनी होकार दिला. शेकापने वेगळेपण कधी मागितले नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात तो संयुक्त महाराष्ट्र समितीचा एक आधारस्तंभच होता. तरी दोन्ही पक्षांचा उतार एकाच प्रकारचा आहे. कोआलिशन आव्हनीर क्वेबेक २०११ मध्ये काढणारे फ्रांस्वा लेगो हे पूर्वी पार्ती क्वेबेक्वाचेच मंत्री होते. त्यांनी अस्मितेचा भाग उचलला आणि स्वातंत्र्याची मागणी बाजूला ठेवली. रायगडातही शेकापची भाषा आता सर्व पक्ष बोलतात. नवी मुंबई विमानतळाला दि. बा. पाटील यांचे नाव देण्यासाठी २०२१ मध्ये जे आंदोलन झाले ते सर्वपक्षीय कृती समितीचे होते. आणि २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत शेकापला राज्यात मिळालेली एकमेव जागा सोलापूर जिल्ह्यातील सांगोल्याची होती, रायगडातली एकही नव्हती.

कर्जत-खालापूरपुढे आता वेगळाच भौगोलिक पेच आहे. पुनर्रचनेने कर्जत, पनवेल व उरण यांना घाटावरील मावळ, पिंपरी व चिंचवड यांच्याशी जोडून मावळ हा लोकसभा मतदारसंघ बनवला. त्यात चिंचवड व पनवेल यांच्या तुलनेत कर्जतचे तीन लाखांहून काहीसे अधिक मतदार थोडेच ठरतात. २००९ मध्ये गजानन बाबर आणि २०१४ पासून सलग तीन वेळा श्रीरंग बारणे असे येथील खासदार घाटावरून आले. मे २०२४ च्या मतदानात कर्जत व उरण या दोन विधानसभा क्षेत्रांत ठाकरे गटाचे संजोग वाघेरे पुढे राहिले, एकूण निकालात मात्र बारणे ९६,६१५ मतांनी जिंकले. आणि सहा महिन्यांनी त्याच कर्जतने विधानसभेसाठी बारणे यांच्याच पक्षाचा उमेदवार निवडला. पळसदरीच्या मतदाराने दोन्ही वेळा आपल्या आमदार-खासदारांतल्या कोणाविषयी काय मत दिले हे या आकड्यांतून वेगळे काढणे अवघड आहे, कारण एका निवडणुकीत त्याचे मत घाटावरच्या मतांत बुडाले आणि दुसरीत ते तीन वाटांनी फुटले.