मासे वाढले, वाण घटले

सामन माशाची गोष्ट बहुतेक शिक्षकांनी वर्गात कधी ना कधी सांगितलेली असते. उगमाकडच्या गार, उथळ पाण्यात तो जन्मतो, समुद्रात जाऊन वाढतो आणि वीण घालायला पुन्हा आपल्याच जन्मनदीत परततो. नदीची ही ओळख त्याला मुख्यतः पाण्याच्या वासावरून पटते. गोष्ट बहुधा येथेच संपते. तिच्यातून निघणारा एक महत्त्वाचा निष्कर्ष मात्र सांगायचा राहून जातो.

जो जेथे जन्मला तेथेच तो वीण घालणार असेल, तर शेजारच्या दोन नद्यांतील सामनांचा आपसात संबंध फार थोडा येणार. हे हजारो वर्षे चालले, की प्रत्येक नदीतील माशांत त्या नदीला सोयीची जनुके साठत जातात. एका नदीतले मासे लवकर वर चढतात, दुसरीतले उशिरा. एकीतली अंडी जास्त गार पाण्यात तग धरतात, दुसरीतली जरा उबदार पाण्यात. जात एकच, वाण निरनिराळे. ज्वारी एकच असली तरी मालदांडी वेगळी आणि परभणी मोती वेगळी, हे मराठवाड्यातल्या मुलाला समजावून सांगावे लागत नाही. माशांचेही तसेच आहे.

या वाणांचा उपयोग काय? अलास्कातील ब्रिस्टल बे या उपसागराला मिळणाऱ्या नद्या-सरोवरांत सॉकाय सामनचे शेकडो वेगवेगळे समूह आहेत. एखाद्या वर्षी काहींना हवामान मानवत नाही, त्याच वर्षी दुसऱ्या काहींचे फावते. तेथील पन्नासेक वर्षांच्या नोंदींचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. हे सारे मासे एकाच वाणाचे असते, तर दरवर्षी परतणाऱ्या माशांच्या संख्येतील चढउतार सध्याच्या दोन पटींहून अधिक झाला असता, असे त्यात दिसले. आपला कोरडवाहू शेतकरी एकाच पिकावर सारे वर्ष लावत नाही, ज्वारीच्या पाभरीत तुरीची ओळ घेतो, त्यामागचा हिशेब हाच आहे.

आता दुसरी बाजू. धरणांमुळे आणि अतिमासेमारीमुळे सामन घटले, तेव्हा अमेरिकेत त्यावर उपाय म्हणून ठिकठिकाणी बीजोत्पादन केंद्रे निघाली. माद्यांची अंडी काढायची, नराच्या रेताने फलित करायची, पिले हौदात वाढवायची आणि नदीत सोडायची. संख्येच्या दृष्टीने उपाय बिनतोड वाटतो, कारण नदीत शेकड्यात एखादेच जगणारे पिलू हौदात सहज जगते. पण ज्यांचा नदीत निभाव लागला नसता तीही जगतात, हे त्यातले वर्म आहे. ऑरेगन राज्यातील हूड नदीत समुद्रात जाऊन येणाऱ्या रेनबो ट्राउटच्या काही पिढ्यांची डीएनए तपासणीने वंशावळ मांडण्यात आली. बंदिस्त जागी वाढलेल्या प्रत्येक पिढीमागे माशांची नदीतील प्रजननक्षमता सुमारे ४० टक्क्यांनी घसरते, असा निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. मासे दिसायला धडधाकट होते. नदीत संसार करणे मात्र त्यांना जमत नव्हते.

गंगाखेडला गोदाकाठी बसून ही परदेशी चौकशी कशाला, असे कोणी विचारील. सामन आपल्याकडे नाही हे खरे. ट्राउटही मूळची आपली नव्हे. काश्मीर आणि निलगिरीच्या गार ओढ्यांत ती इंग्रजांनी आणून सोडली. पण नदीतून वर चढणारा, खडकाळ वाहत्या पाण्यात वीण घालणारा मोठा मासा आपल्याकडे आहेच. तो म्हणजे महासीर. सामनचे घराणे वेगळे, महासीर हा रोहू-कटल्याच्या घराण्यातला. तरी एक गंमत पाहण्यासारखी आहे. रोहूच्या पेशीत ५० गुणसूत्रे असतात आणि महासीरच्या पेशीत १००. महासीरच्या पूर्वजांत केव्हातरी सबंध गुणसूत्रसंच दुप्पट झाला, आणि नेमके तसेच सामनच्या पूर्वजांतही स्वतंत्रपणे घडले होते.

दख्खनच्या महासीरला मराठीत खडशी म्हणतात. मुंबई सरकारच्या नोकरीतील विल्यम साइक्स या लष्करी अधिकाऱ्याने १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील नमुन्यावरून त्याचे वर्णन केले आणि स्थानिक नावच लॅटिन नावात घातले. आज त्याला टॉर खुड्री म्हणतात. साइक्सच्या यादीत कोळूस, नुक्ता, मुसुल्ला अशी आणखीही मराठमोळी नावे आहेत. यातले मुसुल्ला लक्षात ठेवा, ते पुढे घोटाळा करणार आहे.

खडशी कृष्णेच्या आणि गोदावरीच्या खोऱ्यांतली. पावसाळ्यात नदी फुगली, की ती प्रवाहाविरुद्ध वर चढते आणि दगडगोट्यांवर अंडी घालते. धरणे, सुरुंगाची मासेमारी आणि शहरांचे सांडपाणी यांमुळे ती झपाट्याने घटू लागली. तेव्हा १९७०च्या दशकात टाटांच्या वीज कंपनीने लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठी तिचे बीजोत्पादन सुरू केले. मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांचे हे काम खरोखर मोलाचे होते. तळ्यातल्या पक्व माशांची अंडी कृत्रिम रीतीने फलित करण्याची पद्धत त्यांनी बसवली. फलित अंडी ओल्या कापसात ठेवून दूरवर पाठवता येतात, हेही त्यांनी दाखवले. लाखो बोटुकल्या तयार झाल्या आणि निरनिराळ्या राज्यांना वाटल्या गेल्या. खडशी वाचवण्याच्या कामात महाराष्ट्राने केलेली ही पहिलीच मोठी कामगिरी. तिची थोरवी मान्य करूनच पुढचे वाचावे.

या बोटुकल्या कर्नाटकात कावेरीतही सोडल्या गेल्या. कावेरीचा स्वतःचा महासीर होता, पाठीवर कुबड असलेला, ५० किलोंहून अधिक भरणारा. साऱ्या जगातले गळाने मासे धरणारे शौकीन त्याच्यासाठी कावेरीवर येत. मासा मोजून-मापून परत पाण्यात सोडायचा, असा त्यांच्या तळावरचा नियम होता, आणि प्रत्येक माशाची नोंद वहीत होई. या वह्यांतील १९९८ ते २०१२ या काळातल्या नोंदी संशोधकांनी तपासल्या आणि २०१५ मध्ये मांडल्या. महासीरची एकूण संख्या वाढलेली होती. मात्र वाढ सारी बाहेरून आलेल्या निळसर पंखांच्या खडशीची, आणि कुबडा महासीर जवळजवळ दिसेनासा झालेला. नुसती बेरीज पाहणाऱ्याला वाटले असते, की नदी सुधारली! खडशीच्या स्पर्धेनेच तो गेला, असे एका कारणावर बोट ठेवता येत नाही. धरणे, वाळूउपसा, सुरुंग हेही होतेच. पण एकाची वाढ आणि दुसऱ्याची घट यांचा मेळ दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

कुबड्या महासीरला त्या वेळी स्वतःचे शास्त्रीय नावही नव्हते. कित्येक वर्षे त्याला टॉर मुसुल्ला म्हटले जाई. साइक्सने ज्याला मुसुल्ला म्हटले तो मासा मुळात महासीरच नव्हता, हे नंतर ध्यानात आले. अखेर २०१८ मध्ये पुण्यातील एका संशोधकाचा सहभाग असलेल्या गटाने डीएनए आणि शरीररचना दोन्ही ताडून पाहिले. हा मासा म्हणजे टॉर रेमादेवी. त्याचे वर्णन २०११ मध्ये केरळातील पांबार नदीतल्या लहान नमुन्यांवरून आधीच झाले होते. मोयार नदीत तो अजून सापडतो. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाने त्याला अतिसंकटग्रस्त ठरवले. त्याच सुमारास खडशी मात्र संकटग्रस्तांच्या यादीतून बाहेर पडली. अशा यादीत सबंध जात मोजतात, एकेका नदीचा वाण मोजत नाहीत. इंद्रायणीची खडशी आणि गोदावरीची खडशी यांत फरक आहे की नाही, हा प्रश्न त्या यादीत विचारलाच जात नाही.

येथवर नदीबाहेरच्या वाणाची गोष्ट झाली. बीजोत्पादन केंद्राच्या आतही एक गळती असते. ती समजून घ्यायला थोडे गणित हवे. समजा, एका केंद्रात ५० माद्या आणि अवघे २ नर वापरले. (एका नराचे रेत अनेक माद्यांच्या अंड्यांना पुरते, त्यामुळे हा मोह होतो.) एकूण जनक ५२. पण पुढच्या पिढीची निम्मी जनुके त्या दोन नरांकडूनच येणार. आनुवंशिकदृष्ट्या परिणामकारक संख्या काढण्याचे सूत्र असे: नर आणि माद्या यांच्या गुणाकाराची चौपट भागिले त्यांची बेरीज. म्हणजे ४ × २ × ५० ÷ ५२ = सुमारे ७.७. बावन्न माशांची किंमत आठांहूनही कमी! या संख्येच्या दुपटीने एकाला भागले, की दर पिढीत नष्ट होणारी विविधता मिळते. येथे ती साडेसहा टक्के येते. दहा पिढ्यांत निम्मे वैविध्य गेले. त्याऐवजी २६ नर आणि २६ माद्या घेतल्या असत्या, तर परिणामकारक संख्या ५२ भरते आणि दहा पिढ्यांतला तोटा नऊ-दहा टक्क्यांवर थांबतो.

वर्गात हे धान्याच्या दाण्यांनी दाखवता येते. ज्वारी, तूर, मूग आणि हरभरा यांचे पंधरा-पंधरा दाणे एका डब्यात मिसळा. डोळे मिटून सहा दाणे काढा, तेवढेच जनक समजा, आणि त्याच प्रमाणात पुन्हा साठ दाण्यांचा डबा भरा. असे सहा वेळा करा. डब्यात दाणे दर वेळी साठच असतील, पण शेवटी बहुधा एकदोनच प्रकार उरतील. मग हाच खेळ तीस दाणे काढून करा. कोणता प्रकार उरेल हे प्रत्येक गटाचे वेगळे येते, म्हणून चार-पाच गटांत करून फळ्यावर निकाल मांडावेत. बलवान तोच टिकला, असे मुले लगेच म्हणतात. हरभऱ्याने मुगावर मात केली नव्हती, तो केवळ योगायोगाने हातात आला होता, एवढे त्यांच्याकडून काढून घेतले तरी तास सार्थकी लागला.

आपल्या भागात हा प्रश्न खडशीपेक्षा रोज ताटात येणाऱ्या माशांपुरता अधिक निकडीचा आहे. १९७६ मध्ये जायकवाडी पूर्ण झाले. त्यानंतर ढालेगाव, मुद्गल, मुळी, विष्णुपुरी असे बंधारे आणि प्रकल्प झाले, आणि गोदावरी वाहत्या नदीपेक्षा साचलेल्या डोहांची माळ झाली. (गंगाखेडला पाणी देणाऱ्या प्रकल्पाचे तर नावच मासोळी!) अशा पाण्यात आणि जलाशयांत कटला, रोहू, मृगळ यांचे बीज सोडतात. हे उत्तर भारतातल्या गंगेच्या खोऱ्यातले मासे. त्यांचे बीज केंद्रांतून येते आणि केंद्रे बहुधा आपल्याच तळ्यातील मासे पुन्हा जनक म्हणून वापरतात. कर्नाटकातील अशा केंद्रांचा अभ्यास १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. सगोत्र संकराचा वेग तेथे २ ते १७ टक्क्यांपर्यंत असल्याचा अंदाज त्यात निघाला. सगोत्र संकर वाढला, की वाढ खुंटते, पिले मरतात, व्यंगे दिसतात. भोई बांधवांची तक्रार असते, की बीज टाकले पण मासा वाढला नाही. पाणी आणि खाद्य यांबरोबर जनकांचीही चौकशी तेथे झाली पाहिजे.

यावरचा उपाय कोठून आला, हे पाहण्यासारखे आहे. भुवनेश्वरच्या केंद्रीय मत्स्यसंवर्धन संस्थेने १९९२ मध्ये रोहू सुधारण्याचे काम हाती घेतले. मदतीला नॉर्वेचे शास्त्रज्ञ होते, ज्यांनी हे तंत्र सामनवर घोटून घेतले होते. त्यांनी एकाच केंद्राच्या रोहूवर भागवले नाही. गंगा, यमुना, ब्रह्मपुत्रा, सतलज आणि गोमती या नद्यांतून रानटी रोहू आणले आणि त्यांच्या संततीतून निवड केली. १९९७ मध्ये 'जयंती' हा वाण बाहेर पडला. त्याची वाढ दर पिढीला सुमारे १७ टक्क्यांनी सुधारत गेली. ही सुधारणा ज्या कच्च्या मालातून झाली तो नद्यांत शिल्लक होता म्हणून मिळाला.

खडशीचा असा कच्चा माल महाराष्ट्रात काही डोहांत श्रद्धेने राखलेला आहे. महाडजवळ काळ नदीवरचा वाळणकोंड आणि वाडा तालुक्यात वैतरणेवरचे तिळसेश्वर येथे देवाचे मासे म्हणून खडशीला कोणी हात लावत नाही. या पश्चिमेकडे वाहणाऱ्या नद्या आहेत, त्यांच्या डोहांत लोणावळ्याचे किंवा आणखी कोठले बीज भक्तिभावाने आणून टाकले, तर शतकानुशतके राखलेला वाण एका पावसाळ्यात मिसळून जाऊ शकतो. गोदावरीत कधी खडशी पुन्हा सोडायचे ठरले, तर जनक गोदावरीच्याच एखाद्या उपनदीत शोधावेत, नर-माद्यांची संख्या सारखी ठेवावी, दर दोनतीन वर्षांनी जनक बदलावेत आणि सोडण्यापूर्वी पंखाचा कणभर तुकडा डीएनएसाठी मद्यार्कात राखून ठेवावा. यातल्या पहिल्या तीन गोष्टींना वेगळा खर्च जवळजवळ नाही. चौथ्यासाठी लागणारी सोय आज विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत असते.