बंपरचा ओरखडा घरच्या घरी

शहरातील गर्दीत मोटारीच्या बंपरला ओरखडा पडणे नित्याचेच. मात्र एवढ्यासाठी विम्याचा दावा केल्यास 'नो क्लेम बोनस' गमावण्याची वेळ येते. वाहनाच्या नुकसानीच्या हप्त्यावरील ही सवलत दावा न केलेल्या पहिल्या वर्षानंतर २० टक्के, तर सलग पाच वर्षांनंतर ५० टक्के असते. साहजिकच किरकोळ दुरुस्ती घरी करणे अनेकांना परवडते.

बहुतेक बंपर पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचे असतात. त्यावर रंग सहजी धरत नाही. घरी दिलेल्या रंगाचे पापुद्रे सुटतात ते यामुळेच. प्रथम बंपर साबणाने धुऊन मेण व तेलकटपणा काढावा. ओरखडा ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासावा. खाच खोल असल्यास या प्लास्टिकला चालणारी लवचिक पुट्टी भरावी व वाळल्यावर ६०० नंबरने गुळगुळीत करावी. नंतर प्लास्टिक प्रायमर, त्यावर गाडीवरील कोडनुसार रंगाचे पातळ थर आणि शेवटी पारदर्शक लॅकर द्यावे. जाड थर ओघळतो. दमट हवेत लॅकर पांढुरके पडते.

काम मोकळ्या हवेत, योग्य मास्क लावूनच करावे. हार्डनर मिसळायच्या लॅकरमधील आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असल्याने ते कारागिरावर सोपवावे. बंपरमागे रडार असल्यास किंवा पकडीच तुटल्या असल्यास मात्र वर्कशॉप गाठावे. रंगाचा जादा थर रडारच्या लहरींना अडथळा आणू शकतो. तेथे प्रश्न शोभेचा नसून सुरक्षिततेचा असतो.