भाषण टिपणारा खुला बोर्ड : गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘मोबाइल ट्रायपॉडवर लावला की झालं.’ परिषदेचं किंवा व्याख्यानाचं चित्रीकरण ठरवताना हा सल्ला हमखास मिळतो. प्रत्यक्षात पडदा लख्ख उजळ असतो आणि वक्ता अंधारात. पडद्याच्या उजेडावर कॅमेरा बेतला तर वक्त्याची नुसती सावली उरते. वक्त्यावर बेतला तर स्लाइडवरची अक्षरं पांढऱ्या झोतात विरून जातात. म्हणून स्लाइड पडद्यावरून टिपायचीच नसते. लॅपटॉपमधून प्रोजेक्टरकडे जाणाऱ्या एचडीएमआय केबलमधूनच ती उचलायची आणि वक्त्यासाठी वेगळा कॅमेरा लावायचा.

मग लोक म्हणतात, हे महागड्या व्यावसायिक यंत्रांचं काम. ऑस्ट्रेलियातल्या टिम अँसेल यांच्या टिमव्हिडिओज प्रकल्पाने हे खोडून काढलं. त्यांची ‘एचडीएमआय-टू-यूएसबी’ ही खुली, म्हणजे कुणालाही पाहता आणि बदलता येईल अशी, रचना आधी डिजिलंट कंपनीच्या अ‍ॅटलिस या तयार बोर्डावर चालली. पुढे २०१५ मध्ये लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करून ऑप्सिस हा खास बोर्ड उभा राहिला. तो बनवणारी न्यूमॅटो लॅब आपल्या बंगळुरूची. असलं हार्डवेअर परदेशातच होतं, असं मानणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

हा बोर्ड करतो काय? एचडीएमआय केबलमधून चित्र कच्च्या रूपात येतं. १२८० बाय ७२० बिंदू, प्रत्येक बिंदूला २४ बिट, सेकंदाला ६० चित्रं. म्हणजे सेकंदाला सुमारे १३३ कोटी बिट. यूएसबी २.० ची कागदोपत्री कमाल क्षमताच ४८ कोटी. चित्र जसंच्या तसं पुढे जाणं शक्य नाही, ते बोर्डावरच दाबावं लागतं. हे काम स्पार्टन-६ ही एफपीजीए चिप करते. एफपीजीए म्हणजे कारखान्यातून बाहेर पडल्यावरही जिची आतली जोडणी बदलता येते अशी चिप. दाबलेलं चित्र घेऊन हा बोर्ड संगणकाला साध्या वेबकॅमसारखा दिसतो. वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

माझ्या मते यातला सर्वांत मोलाचा भाग मात्र ईडीआयडी. लॅपटॉप जोडला की तो समोरच्या पडद्याची माहिती वाचतो : कोणती मापं चालतात, कोणत्या वेगाने. ही माहिती म्हणजे ईडीआयडी. प्रत्येक सभागृहाचा प्रोजेक्टर वेगळा, प्रत्येक वक्त्याचा लॅपटॉप वेगळा, आणि इथेच भरल्या सभेत पडदा निळा पडतो. लॅपटॉप आणि प्रोजेक्टरच्या मध्ये बसलेला बोर्ड सगळ्या लॅपटॉपना एकच ईडीआयडी दाखवतो, म्हणून वक्ता कुणीही असो, चित्र ठरल्या मापातच येतं. ते माप काय असावं, हे खुल्या बोर्डावर आयोजक स्वतः ठरवू शकतो.

‘खुलं म्हणजे फुकट’ हा समज जास्त चिवट आहे. सॉफ्टवेअरची प्रत काढायला पैसे पडत नाहीत. बोर्डाच्या प्रत्येक प्रतीला चिप आणि जोडणीचा खर्च येतोच. थोड्या संख्येत बनलेला ऑप्सिस बाजारातल्या चित्र टिपणाऱ्या यूएसबी डोंगलपेक्षा महागच ठरला. एमएस२१०९ चिपवरचे डोंगल स्वस्तात मिळतात, १०८०पी चित्र सेकंदाला ३० फ्रेमने देतात. छोट्या कार्यक्रमाला डोंगल आणि ओबीएस हे चित्रीकरणाचं मोफत सॉफ्टवेअर पुरतं. तिथे ऑप्सिसचा हट्ट धरू नये. पण डोंगलमधली ही चिप आपला ४८ किलोहर्ट्झ स्टिरिओ आवाज ९६ किलोहर्ट्झ मोनो असल्याचं संगणकाला सांगते. लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, तिच्यासाठी खास तोडगा घालावा लागला. डोंगलचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, खुलं असतं तर चूक मुळातच दुरुस्त करता आली असती. खुल्या हार्डवेअरचे पैसे वसूल होतात ते इथे : बिघाड झाला तर आराखडा हातात असतो.

सगळंच खुलं असतं, असंही नाही. ऑप्सिसचा आराखडा आणि फर्मवेअर खुलं. स्पार्टन-६ चिप आणि तिच्यासाठी लागणारं, चिप बनवणाऱ्या झायलिंक्सचं सॉफ्टवेअर बंदिस्त. लॅटिस कंपनीच्या आइस-४० चिपसाठी प्रोजेक्ट आइसस्टॉर्मने २०१५ मध्ये खुली साधनं दिली, पण ती चिप या कामासाठी फार लहान.

चित्रपट चोरायला हा बोर्ड वापरता येईल, ही भीतीही निराधार आहे. एचडीसीपी या नक्कल रोखणाऱ्या तंत्राने कुलूपबंद केलेला सिग्नल तो उघडत नाही. स्लाइडला असं कुलूप लागत नाही.

आणि आवाज? ‘केबल जोडली की आवाजही येतो’ हे अर्धंच खरं. एचडीएमआयमधून येतो तो लॅपटॉपचा आवाज, वक्त्याचा नव्हे. वक्त्याचा आवाज सभागृहाच्या मिक्सरमधून किंवा कॉलर माइकवरून वेगळा घ्यावा लागतो. चित्र थोडं धूसर असलं तरी माणसं भाषण शेवटपर्यंत पाहतात; आवाज तुटला की बंद करतात. खर्चाचा अंदाज मांडताना पहिली ओळ माइकची लिहा, बोर्ड कोणता घ्यायचा ते नंतर ठरवा.