भ्रमणध्वनीला खतावणी हवी

१८७० साली जलंबहून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला. त्याच्या उद्घाटनास गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो स्वतः उपस्थित राहिले, यावरून वऱ्हाडच्या कापसाचे त्या काळचे मोल ध्यानात यावे. तारायंत्राच्या साहाय्याने लिव्हरपूलची मागणी वऱ्हाडात कळू लागली. तारेतील प्रत्येक शब्दाला पैसे पडत. म्हणून एका शब्दात अख्खे वाक्य बसविणारे सांकेतिक कोश व्यापारी जगताने रचले. यंत्र परके असले तरी त्याची भाषा व्यापाराने आपल्या सोयीने घडवून घेतली होती. भारतातील तारसेवा २०१३ साली बंद झाली. तिच्या जागी आज जे साधन खिशाखिशांत आहे, त्याच्या बाबतीत असे घडलेले नाही.

जानेवारी २०१८ मध्ये ‘व्हॉट्सॲप बिझनेस’ हे छोट्या व्यावसायिकांसाठीचे ॲप आले आणि पुढच्या वर्षी त्याला मालाच्या सूचिपत्राची जोड मिळाली. त्यातील आयत्या चिठ्ठ्या पाहाव्यात: नवा ग्राहक, नवी मागणी, रक्कम येणे, रक्कम मिळाली, मागणी पूर्ण. ग्राहक आला, पैसे दिले, माल घेतला आणि विषय संपला, अशी ही व्यापाराची कल्पना आहे. शहरातील केक विकणाऱ्या दुकानाला ती चपखल बसते. परंतु मेहकरचा शेतकरी आणि त्याचा अडत्या यांचा व्यवहार कधी ‘पूर्ण’ होतो काय? पेरणीच्या वेळी घेतलेली उचल, सोयाबीनच्या हर्रासात आलेली रक्कम, त्यातून वळती झालेली बाकी, पुन्हा लग्नकार्यासाठी उचल. एकच माणूस आज देणेकरी असतो, उद्या घेणेकरी. चिठ्ठ्यांची नावे बदलता येतात हे खरे. पण रंगीत चिठ्ठ्या लावून नावे-जमा होत नाही.

मुनीमजींची परंपरा येथे अधिक शहाणी होती. रोजकीर्दीत दिवसाचा व्यवहार क्रमाने उतरे आणि खतावणीत तोच व्यवहार माणसाच्या खात्यावर जाई. ॲपमधील संभाषण ही केवळ रोजकीर्द आहे. तीन महिन्यांच्या निरोपांतून आणि आवाजी संदेशांतून किती येणे, किती देणे हे उपसून काढण्याचे काम माणसालाच करावे लागते.

सूचिपत्राचीही तीच गत. सोयाबीनचा भाव ओलावा, माती-कचरा आणि डागी दाणा पाहून ठरतो. खामगावच्या चांदीच्या वस्तूचे मोल वजन, त्या दिवसाचा भाव आणि मजुरी यांवर अवलंबून असते. सकाळी छायाचित्राखाली लिहिलेली किंमत संध्याकाळी शिळी होते. तेथे एक ठरीव आकडा नको, आकडा कसा निघाला ते दाखविणारी पट्टी हवी.

याहून गंभीर बाब पुसण्याची आहे. पाठविलेला संदेश पंधरा मिनिटांपर्यंत बदलता येतो आणि दोन दिवसांहून अधिक काळ सर्वांसाठी नाहीसा करता येतो. मागे ‘संदेश काढून टाकला’ एवढी खूण उरते; भाव काय होता ते उरत नाही. वहीत चुकलेली रक्कम खोडली तरी वाचता येई, आणि पान फाडणाऱ्याची पत जाई. मित्रमंडळींच्या गप्पांत पुसण्याची मुभा निरुपद्रवी असेल. पण निरोपातील भावावर भरवसा ठेवून गाडी भरणाऱ्या शेतकऱ्याने बाजारात आल्यावर काय दाखवावे? भाव, वजन आणि उचल यांचे निरोप उभय पक्षांच्या संमतीवाचून बदलता वा पुसता येऊ नयेत, एवढी दुरुस्ती तरी पहिल्या प्रथम व्हावयास हवी.

ही फेरमांडणी परदेशातील कंपनी आपणहून करील, अशी आशा बाळगणे भाबडेपणाचे ठरेल. निदान तिचा आराखडा येथे तयार व्हावा. शेगावात १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. खामगावची बाजार समिती तेथून जवळच. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी सोयाबीनच्या हंगामात काही दिवस अडत्याच्या गादीशेजारी बसावे, मापाऱ्याचे ओरडून सांगितलेले वजन कागदावर कसे उतरते ते पाहावे, आणि वाणिज्य शाखेच्या शिक्षकांनी त्यांना आधी जुनी खतावणी वाचावयास शिकवावी. पडद्याचे चित्र त्यानंतर काढावे.